पत्रिकेतलं फ्रेंच

छापलेलं शेवटपर्यंत वाचायचं, ही तीस वर्षांच्या बातमीदारीची सवय. तीच नडली.

वरूडचा माझा मित्र बाळाभाऊ, संत्र्यांचा व्यापारी. त्याच्या मुलीच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका कुरिअरनं आली. खाली 'आर.एस.व्ही.पी.' आणि त्याचा नंबर. लग्नाच्याच दिवसाचं माझं पुण्याला लेकीकडे जायचं तिकीट होतं. मी लगेच फोन लावला.

"बाळाभाऊ, लग्नाला जमणार नाही."

"काहून? काय चुकलं आमचं?"

"काही नाही. तुम्हीच विचारलंय. ती चार अक्षरं फ्रेंच आहेत. 'कृपया उत्तर द्या' असा अर्थ. इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचलली. किती पानं वाढायची ते यजमानाला आधी कळतं."

"आमी मानसं मोजून रांधतो का? पत्रिका घरी आणून नाही देल्ली म्हणून रुसले तुमी."

"अहो, मी अर्थ सांगतोय!"

"समजला मले अर्थ."

दुसऱ्या दिवशी अमरावतीला माझ्या दारात गाडी थांबली. बाळाभाऊ, वहिनी आणि खुद्द नवरी मुलगी अक्षता घेऊन उतरली. मी तिकीट रद्द केलं.

लग्नात अख्खं वरूड जेवत होतं. पत्रिकेला उत्तर दिलेला मी एकटाच, आणि 'रुसलेला पाहुणा' म्हणून बाळाभाऊ ओळख माझीच करून देत होता.