पुढच्या चाकांचा शाफ्ट

हॅलो?… हो, कोल्हापूर. हो, हाच नंबर… पेठ वडगावहून? द्या, द्या, जोडा.

हॅलो… हां, आता येतंय ऐकू. कोण?… तानाबाई? कोण ताना… अगंबाई, म्हणजे ज्यांची जीप पिकअप आम्ही घेतोय, त्या बाळासोंच्या घरून? नमस्कार, नमस्कार! मी मृणालिनी. रविवारी गाडी बघायला आले होते ना, उंच, चष्मा लावतात… हो, त्यांचीच मी मिसेस.

नाही, ते निघाले मघाशीच. आठच्या एस.टी.नं. पोचतील आता… हो, आजच ताब्यात घेऊन येतो म्हणालेत.

काय?… मटण?… अहो, एवढं विचारायला ट्रंक कॉल लावलात?… नाही, नाही, आज गुरुवार ना. वाडीच्या दत्ताचा वार, ते नाही खात… अहो पुरण नका हो घालू, कशाला?… उपाशी धाडा असं कुठं म्हणतेय मी! पिठलं-भाकरी केलीत तरी पोटभर जेवतील… बरं. बरं बाई. तुमचं घर, तुमची चूल, मी कोण अडवणार!

पण ऐका ना… तुम्हाला आक्का म्हटलं तर चालेल?… आक्का, एक करा. ते आले की लगेच ताटावर बसवू नका. आधी गाडी बघू द्या… बघितली हो रविवारी, पण वरवर बघितली… राग नका ना मानू. आमचे हे इतके भिडस्त, की तुमच्या घरचं एकदा जेवले, की मग उठून तुमच्याच गाडीखाली शिरायला लाजतील… हो, खाली. पोटाखाली. पोतं टाकून आडवं पडायचं आणि बघायचं.

मनू! वायर नाही ओढायची… मुलगी माझी. दीड वर्षाची. फोन वाजला की माझ्याआधी ही हजर… तुमची केवढी आहेत?… चौघंही शाळेत? सुटलात मग तुम्ही.

काय बघायचं म्हणजे… तुम्ही बसता ना त्या गाडीत?… जोतिबाला गेलात तेव्हा पुढं बसला होता? मग गियरच्या मोठ्या दांडीशेजारी दोन बारक्या दांड्या बघितल्या असतील… हां, त्याच! गुडघ्याला लागतात? पदर अडकतो? तशाच असतात त्या. त्यातली एक ओढली की पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर जातो. एरवी नुसती मागची चाकं गाडी ढकलत असतात. पुढची आपली फिरायची म्हणून फिरतात. पण चिखल आला, चढ आला, की मागच्यांनी ढकलायला पाहिजे आणि पुढच्यांनी ओढायला पाहिजे. मग निघते गाडी. त्याला फोर व्हील म्हणतात. आणि दुसरी दांडी असते ती ‘लो’ची. ती टाकली की गाडी गोगलगाईसारखी चालते, पण काय वाटेल ते ओढते.

मी?… छे हो, मला स्टिअरिंग धरता येत नाही. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. हे सगळं कालचं ज्ञान. मनूला डोस द्यायला घेऊन गेले होते, येताना कुतुबुद्दीन मिस्त्रींच्या गॅरेजात थांबले. बाबांची मोटारसायकल तेच करतात दुरुस्त. त्यांनी फरशीवर खडूनं जीप काढून दाखवली मला… हो ना, आजूबाजूची सगळी बघायला लागली. म्हणाले, “ताई, दांड्या बघून खूश होऊ नका. दांडी म्हणजे नळाची चावी. खाली पाइपच नसला तर चावी फिरवून पाणी यायचं कुठनं?”

पाइप म्हणजे शाफ्ट हो. लोखंडी दांडा असतो एक, गाडीच्या मधनं पुढच्या चाकांकडं जाणारा. तो म्हणे पुष्कळ जण काढून ठेवतात. डिझेल वाचतं, आणि सपाटीला काही अडत नाही. वर दांडी आपली जागच्या जागी! ओढली तर खट्ट वाजतेही. पुढच्या चाकांना मात्र पत्ताच नसतो.

आणि आमच्या ह्यांनी रविवारी काय केलं? डांबरी रस्त्यानं हायवेपर्यंत गेले, दांडी ओढली, खट्ट झालं, खूश होऊन घरी आले… सांगितलं ना! काल घरी आल्या आल्या सांगितलं. तर म्हणतात, “एवढी चांगली माणसं. चहाबरोबर चकली काढली. त्यांच्या गाडीखाली कसा शिरू?”

म्हणून विचारते. आक्का, तो शाफ्ट आहे ना गाडीला?… त्यांनाच विचारलं असतं, पण… मळ्यात गेलेत? बरं… “गाडीचं त्येच बघत्यात.” हो, तेही बरोबर… नाही, म्हणजे तुमच्या कानावर कधी आलं असेल, म्हणून…

आक्का, मी संशय घेतेय असं नका समजू. का विचारते ते सांगू? दोन मिनिटं ऐकाल?

मी सध्या माहेरी आलेय, पण आम्ही राहतो गगनबावड्याच्या अलीकडं. गावात नाही, गावाबाहेर. हे वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून आणतात… हो, कॅन भरून. गाडी त्यासाठीच. गेल्या वर्षी भाड्याची पिकअप होती, नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी. श्रावण होता. मनू आठ महिन्यांची. पहाटे ताप चढला, आणि ही हातपाय झटकायला लागली… हो. आकडी. पहिलीच वेळ. मला कळेचना काय होतंय. ह्यांनी कॅन खाली ठेवले, आम्हाला आत बसवलं, निघालो दवाखान्याला. वाटेत एक चढ आहे… मोठा कुठला, तुमच्या अंगणाएवढा असेल. तांबडा चिखल. मागची चाकं तिथं जी फिरायला लागली… जेवढा रेस द्यावा तेवढी आत. हे उतरले, ड्रायव्हर उतरला, वाटेनं चाललेली दोन माणसं आली, सगळ्यांनी खांदे लावले. मी आत. हिच्या कपाळावर ओला पदर, आणि हिचा श्वास मोजतेय. एक झाला. आता दुसरा येतो का…

पुढची दोन चाकं दगडावर होती, आक्का. चांगल्या घट्ट दगडावर. मी नंतर उतरून बघितलं ना. त्यांनी नुसतं ओढलं असतं तर निघालो असतो आम्ही. दीड तास तिथं होतो.

आहे ना, आहे, चांगली आहे. ही काय, वायर चावतेय. डॉक्टर म्हणाले तापाची आकडी आहे, पाच-सहा वर्षांची झाली की जाईल. पण तोवर कधीही येऊ शकते. आणि मेअखेर मला हिला घेऊन परत तिथंच जायचंय. माहेरी किती दिवस राहू?

…आक्का?

हॅलो? आहात ना?… कोण? ऑपरेटर?… वेळ संपली? मला काय विचारता, फोन त्यांनी लावलाय… त्या काय म्हणतात?… वाढवा म्हणाल्या?… मग वाढवा ना. आणि तुम्ही लाइनवरून जा.

बोला आक्का… ऐकू येतंय, हळूच बोला…

…गाडीला नाही?

कधीपासून?… पाच वर्षं… हं… कुठं? गोठ्यात?… गव्हाणीच्या मागं. पोत्यात गुंडाळून… बरं… बरं.

नाही हो, रडत नाही. सर्दी झालीय.

बोलू नको म्हणाले होते तुम्हाला?… आधीची दोन गिऱ्हाइकं परत गेली त्या शाफ्टापायी? हां, मग आलं लक्षात… नाही, नाही, ते लबाड आहेत असं मी म्हणेन का? ऊस न् गूळ न्यायचा, सगळा सपाट मुलूख, त्यांना लागलाच नाही कधी. आणि विकताना माणूस जरा गप्प बसतो. आमच्या बाबांनी रेडिओ विकला तेव्हा खरखर लागायची ते सांगितलं होतं का?…

तुमचं नाव? अजिबात नाही येणार. मनूच्या गळ्याची… बरं, नाही घेत शपथ. पण नाही येणार. मी बघते कसं विचारायचं ते… काय? मळ्यातनं आले?… दारात?

हो, हो, आक्का, भाकरी चालते की! ज्वारीची चालते, तांदळाची चालते, कुठलीही!… नाही, तिखट जरा बेतानं… द्या की, द्या त्यांच्याकडं. बोलते.

नमस्कार दाजी!… दाजी कसे म्हणजे? तुमच्या मिसेसना मघाशी आक्का म्हटलं, मग तुम्ही आपोआप दाजी झालात की… हो, निघालेत ते, येतीलच… हो, जेवणाचंच चाललं होतं. दाजी, एक विचारायचं राहिलं होतं. पुढचा शाफ्ट आहे ना गाडीला?… शाफ्ट. पुढच्या चाकांचा.

…“हाय की.” बरं.

नाही, विश्वास आहे. विश्वास आहे म्हणूनच म्हणते, हे आले की एक करा. तुमच्या उसाला आज पाणी चालू आहे का?… मग झालंच. त्या रानात गाडी घाला. मागची चाकं चिखलात, पुढची बांधावर. फोर व्हीलची दांडी ओढा आणि काढा बाहेर. निघाली की तशीच घेऊन येतील घरी… रान तुडवलं जाईल? तेही खरं. मग डांबरीवर करा. फोर व्हील टाकायची आणि गाडी लहान गोलात वळवायची. मिस्त्री म्हणाले, पुढच्या चाकांना जोर जात असला तर स्टिअरिंग जड येतं. नेहमीसारखं हलकं वळलं तर समजायचं पुढं काही नाही… कुतुबुद्दीन मिस्त्री… ओळखता? हो, एक डोळा बारीक करून बोलतात, तेच!

…काय? खोट काढतेय मी?

कोण म्हणतंय गाडी वाईट आहे? इंजिन चांगलं आहे, पोट उंच आहे, पुढं ओढायला हूक आहे, टायर खोल खाचांचे आहेत. सगळं ह्यांनी येऊन सांगितलं मला. पण दाजी, पुढचे टायर कितीही खाचांचे असले, आणि त्यांना फिरवणारंच कुणी नसलं, तर ते… थांबा, कसला आवाज तो?… केवढ्यानं वाजलं! भांडी पडली का?… दाजी? हॅलो?… कुणाला लागलं नाही ना?

कुणी?… आक्कांनी?

काय आणलंय?

…अंगणात? शाफ्ट तुमच्यासमोर टाकला?… एकटीनं, गोठ्यातून ओढत?…

दाजी, आता हा कसला आवाज? हॅलो?… हॅलो?…

हसताय? अहो, मी नाही सांगितलं आणायला! खरंच नाही. मला तर वाटत होतं त्या चुलीपाशी गेल्या…

हो… हो… कळतंय… अहो, लाज कसली त्यात. आता सांगितलंत ना… नाही, नाही, किंमत कमी नका करू. किंमत कमी केलीत तर काय, त्या चढावर नोटा घालू चाकाखाली? मला शाफ्ट बसवून हवाय. क्रॉस का काय असतात ना दोन टोकांच्या सांध्यांत, ते बघून घ्या. गंजले असतील तर नवे घाला, त्याचे आम्ही देऊ… किती वेळ लागेल?… दीड तास? कोण करेल?… चमनभाई. गावातच आहेत ना? मग बोलवा की लगेच. आणि हे आले की तुम्ही स्वतः पोतं अंथरा आणि म्हणा, पावणं, शिरा खाली. तुम्ही म्हणालात की नाही लाजायचे ते. आणि मग न्या त्यांना उसाच्या रानात… हो, खरंच न्या. मी गाडी घरी आली की पहिलं त्यांचे बूट बघणार आहे. चिखल नसला तर परत पाठवीन.

दाजी, आणि एक… आक्कांना काही बोलू नका हं. त्यांनी जे केलं ते… काय?… शाफ्ट अजून त्यांच्याच हातात आहे? परत उचलला?… मग तर नकाच बोलू!

जरा द्या ना फोन त्यांच्याकडं… हात ग्रीसनं भरलेत? मग तुम्ही धरा की त्यांच्या कानाला… हो, तसाच. धरा.

आक्का?… आक्का, मी काय म्हणत होते…

हॅलो?

हॅलो?… हॅलो! ऑपरेटर! अहो, लाइन कशी काय तोडलीत मध्येच?… झाली असेल वेळ, पण विचारायचं तरी… बरं, परत लावा पेठ वडगाव. हो, आत्ता. माझ्या नंबरवर घाला पैसे… अर्जंट, हो… आता किती मिनिटं ते मी काय सांगू? एकच वाक्य बोलायचंय हो.