पाच दिवस बाटलीत

भाची : पाच दिवस. मावशी, पाच दिवस तो तुकडा फॉर्मलिनमध्ये पडून होता, आणि हे मला आज कळतंय?

मावशी : दार लाव आधी. बाहेर पेशंट बसलेत.

भाची : त्यांच्यातल्याच एकीबद्दल बोलतेय मी. गाण्याच्या बाई. आतड्याच्या कॅन्सरच्या. केमोला आल्यात.

मावशी : आवाज खाली घे. घरी मी तुझी मावशी असेन, इथे बायोप्सीच्या खोलीची मुख्य टेक्निशियन आहे.

भाची : बरं, मुख्य टेक्निशियनबाई. महिन्यापूर्वीच्या त्या गुरुवारी दुपारी दुर्बिणीच्या खोलीतून त्यांचे तुकडे आले. मेणाच्या ब्लॉकमध्ये कधी घातले?

मावशी : मंगळवारी. मध्ये जोडून सुट्ट्या होत्या. कणीएवढे तुकडे ते, कोरडे राहिले तर वाळून खडखडीत होतात. म्हणून नीट बुडवले, बाटली काठोकाठ भरली आणि मग घरी गेले. सव्वीस वर्षं असंच करतेय. स्लाइड खराब आहे म्हणून एकाही डॉक्टरनं तोंड वाकडं केलेलं नाही.

भाची : स्लाइड तुझी देखणीच असते गं. पेशी कशा रेखून काढल्यासारख्या. पण मला पेशींचं रूप बघायचं नसतं, त्यांच्या आतला डीएनए वाचायचा असतो. एक दिवस ठेवलं, फार तर दोन, तोवर ठीक. पुढे फॉर्मलिन त्याचे तुकडे तुकडे करतं. वर एखादं अक्षर बदलून ठेवतं ते वेगळंच.

मावशी : बदलून म्हणजे?

भाची : म्हणजे बदल झालेला असतो बाटलीत, आणि मशीनला वाटतं तो कॅन्सरमध्येच होता.

मावशी : मग नीट वाच ना. शिकलीयस कशाला?

भाची : वाचलं. तीन आठवड्यांपूर्वी वाचलं आणि रिपोर्ट दिला, की अमुक जीनमध्ये बदल आहे. तो बदल असला की एक औषध लागूच पडत नाही. म्हणून बाईंना ते दिलं नाही. नुसती केमो चालू आहे. काल त्याच ब्लॉकचा डीएनए पुन्हा मशीनला लावला. बदल गायब. आज सकाळी तिसऱ्यांदा लावला, तर भलत्याच जागी बदल. एका माणसाच्या एका तुकड्याची तीन उत्तरं. म्हणून धावत आले. बाटलीत नक्की काय होतं?

मावशी : सांगितलं ना. फॉर्मलिन.

भाची : क्षार घातलेलं, आंबट न होणारं?

मावशी : तुला काय करायचंय क्षाराशी?

भाची : मावशी, मी काहीतरी विचारतेय.

मावशी : क्षाराची पाकिटं संपलीत. दीड महिना झाला. मागणीचं पत्र दोनदा दिलं वर. तोवर पाण्यातच बनवतेय, काम थांबवू का?

भाची : म्हणजे आंबट फॉर्मलिन आणि त्यात पाच दिवस. आणि मला एक शब्द नाही. रोज एका डब्यातून जेवतो आपण.

मावशी : मला काय ठाऊक तुमच्या डीएनएचं? आमच्या वेळी नव्हतंच ते. तुमची खोली उघडली, फीत कापली, फोटो काढले. इथे खाली येऊन कुणी सांगितलं का, की आजपासून असं करा, तसं करू नका?

भाची : फॉर्मवर रकाना आहे. फॉर्मलिनमध्ये किती तास.

मावशी : आहे की. दोन वर्षं तो मी कोरा पाठवतेय. तू एक तरी फॉर्म परत पाठवलास? एकदा तरी फोन करून विचारलंस?

भाची : विषय बदलू नकोस.

मावशी : विषय हाच आहे. आणि मला सांग, रिपोर्ट देऊन मोकळी झालीस, मग काल पुन्हा का लावलास ब्लॉक? कुणी सांगितलं होतं?

भाची : कुणी नाही.

मावशी : मग?

भाची : पहिल्याच दिवशी खटकलं होतं. डीएनए अगदी कमी निघाला होता आणि तो बदलही पुसटसा दिसत होता. दोन दिवसांत रिपोर्ट हवा म्हणून वरून घाई चालली होती. केली सही.

मावशी : आणि आता मला उभी-आडवी झाडतेयस.

भाची : हो, झाडतेय. तुलाही आणि मलाही. काल त्या बाई जिन्यात बसल्या होत्या, एका मजल्यावर दम लागला म्हणून. मला म्हणाल्या, आता सूर धरताच येत नाही. मला वर जाववेना.

मावशी : हे बघ, चिडू नकोस. तुकडा कमी पडला म्हणू. तपासणी पुन्हा करावी लागेल म्हणू. असं होतंच की कधी कधी. मग या वेळी ताजं फॉर्मलिन करते, क्षार कुठूनही मिळवते, दुसऱ्या दिवशी मेणात. काम झाल्याशी कारण.

भाची : तुकडा कमी पडला? म्हणजे खोट त्यांच्या आतड्याची?

मावशी : माझे चार महिने राहिलेत गं नोकरीचे.

भाची : आणि त्यांचे किती राहिलेत, सांग.

मावशी : असं बोलू नये.

भाची : दुसरं कसं बोलू? पुन्हा दोन दिवस पोट साफ करायचं, पुन्हा नळी घालायची. मागच्या वेळी रक्त गेलंय त्यांचं. ते सगळं त्यांनी कशापायी सोसायचं, हे तरी खरं कळू दे. तू येत नसशील तर मी एकटी सांगते. माझी सही तर सांगेनच, तुझी बाटलीही सांगेन.

मावशी : थांब. तू नको. तू रागात आहेस, मध्येच रडशील. हातमोजे काढू दे मला.

(बाहेरच्या बाकापाशी.)

मावशी : बाई, तुमच्याशी बोलायचं होतं.

गाण्याच्या बाई : तुम्ही कोण?

मावशी : तुमच्या आतड्याचा तुकडा ज्या बाटलीत ठेवला होता, ती भरणारी मी. ही माझी भाची, हिनं तुमचा डीएनए तपासला. तुमचा रिपोर्ट चुकलाय, आमच्या दोघींमुळे. मी तुकडा फार दिवस ठेवला, तोही नको तशा पाण्यात. हिला शंका आली होती, तरी हिनं सही केली. ते दुसरं औषध तुम्हाला लागू पडेल की नाही, हे आज कुणालाच ठाऊक नाही. तपासणी पुन्हा करावी लागेल.

गाण्याच्या बाई : नळीची?

मावशी : हो.

गाण्याच्या बाई : तीन आठवडे मी माझ्या शरीरालाच दोष देत होते.

भाची : बाई, मी खरंच…

गाण्याच्या बाई : तू गप्प बस. यांना विचारतेय मी. या वेळी बाटली कोण भरणार?

मावशी : मीच.

गाण्याच्या बाई : मग माझ्यासमोर भरा.