मी डाक्टर न्हाई

मी डाक्टर न्हाई, मी डाक्टर न्हाई, असं मी दवाखान्याच्या पायरीवर हुबा राहून बोंबलून राहिलो होतो, आवाज असा की तिकडं मुरुडाच्या बाजारात बैलांनी कान टवकारले असतील, आणि समोर रांगेत बसलेली शंभर माणसं, शंभर न्हाई म्हणा, चाळीस, पण भ्यालेल्या माणसाला चाळीसबी शंभर दिसत्यात, त्यातलं एकबी जागचं हाललं न्हाई. एक म्हातारा तेवढा शेजारणीला म्हणाला, लई काम पडलंय बिचाऱ्याला, डोकं गरम झालंय. आत बाकड्यावर माझी आई पोट धरून पडलेली, तीबी आतून म्हणाली, ओरडू नको गंग्या, सुई दे आन मोकळा हो.

आता हे कसं झालं ते मुळापासून सांगावं लागतंय. आमचं गाव लातूरच्या वाटंवर, मुरुडाच्या अलीकडं. बाप दुसऱ्याच्या रानात राबला. छप्पनला आमच्या घरानं धम्म घेतला तवा मी मांडीवर होतो, आन बापानं तवाच ठरवलं की या पोराच्या हातात लेखणी द्यायची. दिली त्यानं, मीच नीट धरली न्हाई. नववीला दोनदा बसलो, दोन्ही बारीला नववीच माझ्यावर बसली. मग मामानं नांदेडला नेलं आन स्टेशनाजवळ एका खासगी दवाखान्यात चिकटवलं. काम काय, तर बाटल्या धुवायच्या, सिरिंजा उकळायच्या, फरशी पुसायची. आई गावात सांगायची, माझा गंगाराम नांदेडला दवाखान्यात हाय. खोटं काय होतं त्यात? पण गावाच्या कानात गोष्ट जाते शेळीएवढी आन तोंडातून निघते हत्तीएवढी. सहा महिन्यांत मी डाक्टरकी शिकून राहिलो होतो, वर्षात म्हणे साहेबलोकांची पोटं फाडून राहिलो होतो. सुट्टीला आलो की बाया लेकरं कडेवर घेऊन दारात हुब्या. आन मीबी, काय सांगू तुम्हाला, न्हाई म्हणलो न्हाई. पायात बूट होते हो माझ्या.

पुढं लातूरच्या एका डाक्टरनं आमच्या गावात दवाखाना काढला, किराणावाल्या आप्पांच्या पुढच्या खोलीत. त्याला कंपौंडर पाहिजे होता, गावानं मला पुढं ढकललं. त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. झाला तसं डाक्टरचं मन फिरलं. जिल्हा म्हणजे हापिसं येणार, हापिसांत साहेब येणार, साहेबांच्या पोटात दुखणार. त्यानं तिकडं दुमजली दवाखाना बांधायला काढला आन आमच्याकडं यायचा फक्त मंगळवारी. बाकी सहा दिवस चावी माझ्या करगोट्याला. जाताना म्हणाला, गंगाराम, ताप आला तर ही गोळी, दुखलं तर ही सुई, कळलं न्हाई तर लातूरला पाठव. एवढंच माझं कॉलेज. सरकारी दवाखाना न्हवता असं न्हाई, दोन गावं सोडून होता, आत डाक्टरची खुर्चीबी होती, पण तीवर एक कोंबडी बसायची आन माणसं म्हणायची, ती तरी रोज येती.

आन आमच्याकडं गोळीला कुणी दवा मानत न्हाई. गोळी म्हणजे पोराला चॉकलेट दिल्यागत. सुई टोचली, जरा जळजळ झाली, तर इलाज झाला. माझा हात असा हलका की औशाचा एक पैलवान सुई झाल्यावर अर्धा घंटा पालथाच, त्याला वाटलं मी अजून कापूसच फिरवून राहिलोय. विचारा पाहिजे तर, पैलवान आता न्हाई म्हणा.

मग दुष्काळ पडला. आड खडखडले, टँकर दोन दिवसाला एक. गढूळ पाणी पिऊन गावाची पोटं बिघडली आन दवाखान्यात सिरिंज उकळायला पाणी न्हाई. मग मी हुकूम काढला, ज्याला सुई पाहिजे त्यानं तांब्याभर पाणी घेऊन यायचं. आणायचे. माझ्या बापाला ज्यांनी उन्हातान्हात वरनं ओंजळीत पाणी वाढलं, ती घरं तांब्या धरून माझ्या दारात रांगेत बसायची. मी म्हणायचो, पालथं व्हा पाटील, श्वास घ्या. आन जरा जोरात टोचायचो. जरासंच. तवा मला वाटायचं की हा दुष्काळ हटूच नये, खोटं कशाला बोलू.

त्या उन्हाळ्यात आईचं पोट दुखायला लागलं. पहिल्या दिवशी बेंबीपाशी. मी सुई दिली, घंट्यात उठून बसली, साऱ्या रांगेला सांगितलं, बघा लेकाच्या हाताचा गुण. दुसऱ्या दिवशी परत दुखलं, परत सुई. तिसऱ्या दिवशी दुखणं उजवीकडं खाली उतरलं, पोट फळीसारखं, पाय सरळ होईना, ओकाऱ्या. मी सिरिंज भरली होती, हातात होती, आन एकदम नांदेडची एक बाई आठवली. असंच पोट होतं तिचं. तिथला डाक्टर तिच्या नवऱ्याला झापून राहिला होता, दुखणं दाबायची सुई कुणी दिली, दुखणं झाकलं आन आतलं आतडं फुटलं. मी तवा तिथंच फरशी पुसत होतो. तीच फरशी नंतर तिच्या नवऱ्यानं डोकं आपटून आपटून परत पुसायला लावली.

मी सुई मागं घेतली. म्हणलं आई, लातूरला जाऊ, पोट कापावं लागंल. ती म्हणाली, कशाला, तू हायस की. खिडकीतून एक बाई म्हणाली, हाव, तुमच्यापरीस मोठा कोण बसलाय तिथं. दुसरा म्हणाला, डाक्टरनं आपल्याच आईला बाहेर नेलं तर आम्ही कुणाकडं बघावं. आईनं बाकड्याचा पाय दोन्ही हातानं धरला, सुटंना. सुई दिली तर ती हसत हसत मरणार, न्हाई दिली तर ओरडत मरणार आन गाव म्हणणार, आईला सुई दिली न्हाई त्यानं. तवा मी बाहेर पायरीवर आलो आन बोंबललो, ते तुम्हाला सांगितलंच.

कुणी ऐकंना. माझ्या तोंडून वीस वर्षं थापाच ऐकलेल्या, खरं बोललो तर त्यांला तीबी थापच वाटली. मग मी भरलेली सिरिंज पायरीवर आपटली. काचेची ती, चुरा झाला. दुसरी आधीच तडकलेली होती, तीबी आपटली. तवा कुठं रांग उठली. म्हणलं, आता दवाखान्यात सुई न्हाई, कुणालाच न्हाई. आईनं काचा बघितल्या आन बाकड्याचा पाय सोडला.

गाडी कुठली? टँकर रिकामा होऊन लातूरला परत निघाला होता, त्याच्या केबिनीत आईला आडवी घातली. वाटंत ड्रायव्हर म्हणाला, डाक्टरसाहेब, माझी कंबर धरती हो.

आमच्याच डाक्टरनं त्याच घंट्याला पोट उघडलं, आतडं फुटायला टेकलेलं होतं म्हणाला. बाहेर आल्यावर विचारलं, हिला आधी सुई कुणी दिली? म्हणलं, मी. आन म्हणलं, मला मोकळा करा साहेब, दुसरा माणूस बघा. त्यानं हात धुतले, पुसले, कपाटातून चार नव्या सिरिंजा काढल्या आन माझ्या हातात ठेवल्या. म्हणाला, सकाळी पहिल्या गाडीनं जा, माणसं बसली असतील.

आता लातुरात चौकाचौकात काचेचे दवाखाने झाले, लिफ्ट हाय, आत गेल्यावर थंडी वाजती. मला सत्तरी आली, तरी गावातली म्हातारी माणसं अजून बाही वर करून माझ्या ओट्यावर येत्यात. मी म्हणतो जा बाबांनो, सुखी राहा, मला सोडा. बसून राहत्यात. आई त्यानंतर लई वर्षं जगली. पोट उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती शुद्धीवर आली, मी तिच्या खाटेपाशी खाली बसलो, पाय धरले आन पहिल्यांदा तिला नीट सांगितलं, आई, मी नांदेडला बाटल्या धूत होतो, मी डाक्टर न्हाई.

ती म्हणाली, ठाव हाय. समद्यांलाच ठाव हाय. जा, दवाखाना उघड.