गोव्याला निघालेला दातांचा डॉक्टर

माझा जन्म खडकीचा, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमधला, म्हणजे भिंत आमची आणि खिळा शेजाऱ्याचा. वडील कारखान्यात फिटर. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा कोनाड्यातले देव उतरवले आणि तिथं पुस्तकं ठेवली, त्यामुळे आमच्या घरात अभ्यास चुकवणं म्हणजे फार मोठं पाप. मला पुण्यातच दातांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तर वडिलांनी आमच्या अख्ख्या लाईनीत पेढे वाटले, आणि काय सांगू तुम्हाला, पेढा खाता खाता प्रत्येकानं एकच विचारलं, दातांचाच का, बाकीच्या अंगाला मार्क कमी पडले का?

शिकलो, खडकी बाजारात दवाखाना टाकला, आज दोन खुर्च्या आहेत, एक्स-रेचं मशीन आहे, दारात चपलांचा ढीग असतो. आमच्या बॅचमधले निम्मे बाहेर गेले, कुणी मस्कत, कुणी मेलबर्न. कॉलेजचा मेळावा भरतो तेव्हा त्यांना माईक देतात आणि आम्हा पुण्यात राहिलेल्यांना जेवणाची व्यवस्था देतात. तसा आमचाही सत्कार होतो बरं का, आपल्याच गावात नाव काढलं म्हणून, शाल, श्रीफळ सगळं, आणि शाल खांद्यावर असतानाच कुणीतरी कानाशी येऊन विचारतं, तू इथलाच ना रे, गाडी कुठं लावू? मला विचाराल तर आपल्याच गावात नाव काढणं म्हणजे जन्मठेप आहे, फरक इतकाच की इथं कैद्याला शाल घालतात.

बाहेर पाटीवर लिहिलंय डॉक्टर विजय सोनवणे, पण येणारा माणूस दारातून विचारतो, पप्या आहे का? मी पन्नाशीला आलो, केस गेले, पप्या काही जात नाही. आमच्या लाईनीतल्या एक मावशी, त्यांना म्हटलं मिशेरी सोडा, हिरड्या जातायत, तर भरल्या दवाखान्यात म्हणाल्या, तुझा दुधाचा दात मी दोरा बांधून काढला, दुसरं टोक दाराला होतं, आणि तू मला दात शिकवतोस? बाकीच्या पेशंटांनी माना डोलावल्या. त्यांना मावशींची पदवी जास्त पटली. असं रोज, वर्षानुवर्षं. लग्नात जेवायला बसलो तर शेजारचा घास थांबवून दाढ दाखवतो, आणि मैतीला गेलो तरी कुणीतरी बाजूला घेतंच.

तर आमचा एक बॅचमेट, सुहास, त्याचा पणजीला दवाखाना आहे, मोठा, काचेचा. तो म्हणाला, विजय, दुसरी खुर्ची तुझी, ये. मुलगी बंगळुरूला नोकरीला लागली होती आणि वर्षाला, म्हणजे माझ्या बायकोला, समुद्र आवडतो, ही दोन कारणं लोकांना सांगायला होती. खरं कारण एकच, तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. तिथं माणूस आत येणार, मी उघडा म्हटलं की तोंड उघडणार, मी बंद करा म्हटलं की बंद करणार. तुम्हाला हसू येतंय, पण मला त्या स्वप्नानं झोप लागत नव्हती.

चूक एवढीच झाली की आईला सांगितलं. म्हटलं, कुणाला बोलू नकोस. आईनं रविवारी विहारात वंदना झाल्यावर फक्त एकीला सांगितलं, तेही कुणाला बोलू नकोस म्हणूनच. सोमवारी दवाखाना उघडायला गेलो तर रांग बाजूच्या बेकरीपर्यंत. मला वाटलं माणसं रडायला आली. कशाची रडतायत, दात घेऊन आली होती. जातोस ना, जा, पण जायच्या आधी माझी कवळी कर. या दाताचं रूट कॅनॉल तेवढं कर. नातवाच्या दातांना तारा लावून जा, म्हटलं अहो तारांना दोन वर्षं लागतात, तर म्हणतात, मग दोन वर्षांनी जा, गोवा कुठं पळतोय? निरोप द्यायला आलेल्या माणसांनीच मला निघू दिलं नाही हो.

त्याच रांगेत साळवे काका होते. हे माझ्या वडिलांच्या शेजारच्या मशीनवर आयुष्यभर उभे राहिलेले, वडील गेल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवणारा हा एकच माणूस. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडली आणि धायरीला फ्लॅट घेतला, पण दातांसाठी धायरीहून स्वारगेट, तिथं बस बदलून खडकी. मी एकदा विचारलं होतं, काका, वाटेत इतके दवाखाने लागतात. तर म्हणाले, लागतात की, बसमधून दिसतात सगळे.

त्या दिवशी ते काकूंच्या कवळीसाठी सोबत आले होते. बसल्या बसल्या वडापाव खात होते, आणि मी आतून बघतोय, तर काका चिमटीनं बारीक तुकडा मोडतात आणि ओठांच्या फटीतून आत सरकवतात. मी हातातलं काम ठेवून बाहेर आलो. काय आहे, दारूगोळ्याचा कारखाना, गेटवरच काडीपेटी काढून घ्यायचे, बिडीची सोय नाही, म्हणून ती अख्खी पिढी तंबाखू आणि सुपारीवर उभी राहिली. तोंड किती उघडतं ते बघायची आमच्यात एक साधी पद्धत असते, माणसाची स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात गेली पाहिजेत. काकांना खुर्चीत घेतलं. दोनसुद्धा जाईनात. आणि गालाच्या आत चट्टा, मला आवडला नाही असा.

आमच्याच बॅचची मेघना, तोंडाच्या ऑपरेशनची डॉक्टर, तीही पुणं न सोडलेली, स्वारगेटजवळ बसते. तिला फोन केला, काकांना पाठवलं. काका गेले आणि परत आले. मेघनाचा फोन, अरे हे गृहस्थ तासभर बसले, चहा प्यायले, कारखान्याच्या गोष्टी सांगितल्या आणि तोंड न दाखवता गेले. काकांना विचारलं तर म्हणाले, बाई चांगली हाय, पण ओळख ना पाळख, एकदम तोंड कसं उघडायचं? आता बोला. ज्या ओळखीपासून मी पळत होतो, ती नसेल तर या माणसाचा जबडा हलत नव्हता.

मग दर वेळी मी सोबत. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला दिला तेव्हा माझा हात काकांच्या हातात, ऑपरेशनच्या दिवशी भूल चढेपर्यंत मी उशाशी. मेघना म्हणाली, वेळेवर आणलंस, अजून थोडं थांबला असतास तर अवघड होतं.

सुहास थांबला, किती थांबणार? एक दिवस त्याचा फोन आला तेव्हा काका खुर्चीत होते. तो म्हणाला, आज सांग, नाहीतर दुसरं कुणी बघतो. काकांनी सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, जा की तू, मी काय धरून ठेवलंय का? असं म्हणाले आणि खुर्चीतून उतरले नाहीत.

सुहासला मी नाही म्हणून कळवलं. त्या खुर्चीवर आमच्याच कॉलेजची, खडकीचीच एक मुलगी गेली. तिचे वडील मला विचारायला आले होते, पाठवू का एवढ्या लांब? मी म्हटलं, अहो डोळे झाकून पाठवा, नाव काढेल, आणि मनात म्हटलं, बाई, सुखी राहा, तिथं तुला कुणी पिंकी म्हणणार नाही.

आता काकांचा व्यायाम चालू आहे. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांची गड्डी दातांमध्ये धरायची, हळूहळू एकेक काडी वाढवायची, नाहीतर तोंड पुन्हा आवळतं. घरी करत नाहीत, काकूंनी शपथा घातल्या तरी करत नाहीत. दर गुरुवारी धायरीहून येतात आणि माझ्यासमोर बसून करतात. परवा एक काडी वाढली. मला इतका आनंद झाला, म्हटलं, काका, असंच चाललं तर तोंड पूर्ण उघडेल, मग तुम्हीही मोकळे आणि मीही मोकळा.

काकांनी काड्या काढल्या, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, मग सावकाश होऊ दे.

मी पुढच्या गुरुवारची वेळ दिली.