सलीमभाईंना विंगर केलं तेव्हा

सलीमभाईंना विंगर केलं होतं, ते सांगतो. दोहातल्या मॉलच्या बर्फावर आम्ही आइस हॉकी खेळायचो. रत्नागिरीचे सलीमभाई रास लफानच्या गॅस प्लांटवर सेफ्टी ऑफिसर, आणि टीममध्ये कायम डिफेन्सला. आमचा विंगर सुट्टीवर गावी गेला, तेव्हा कोच त्यांना म्हणाला, "आता तू पुढे खेळ, गोल मार."

फायनलला बरोबरी होती. शेवटच्या मिनिटाला सलीमभाई चकती घेऊन समोरच्या गोलकीपरपुढे एकटेच पोचले आणि थांबले. त्या गोलकीपरच्या हेल्मेटचा पट्टा सुटला होता, तो लावत बसले. तोवर चकती पळवून समोरच्या टीमनेच आमच्यावर गोल मारला.

"हे काय केलंस?" कोचने विचारलं.

"पट्टा सुटला की काम बंद. साइटवर तसंच असतं."

"उद्यापासून परत डिफेन्सला ये," कोच म्हणाला. "निदान आपल्या गोलकीपरला तरी सांभाळशील."