मास्तरांना काय लावू?

सलूनच्या बाकावर मास्तर वर्तमानपत्राआड कान टवकारून बसले होते. इथे थोरला भाऊ केस कापायचा आणि गिऱ्हाईक बघून गाणं सांगायचा. धाकटा ते लावायचा.

“दादा, मघाच्या त्या बँकेतल्या साहेबांना नाचाचं गाणं कसं काय?”

“चेहरा कडक रे, पण कापडाखाली पाय बघितलास? थांबतच नव्हता.”

“आणि त्या पैलवानाला रडकी गझल?”

“हळवा आहे तो. वस्तरा दिसला की डोळे मिटतो.”

मास्तर गालात हसले. आपल्याला शास्त्रीयच लागणार, तेही विलंबित! खुर्चीत बसताना त्यांनी मुद्दाम मान डोलावली.

“मास्तरांना काय लावू?”

“काही नको. बंद ठेव.”

“का रे बाबा?”

“मागच्या खेपेला लावलं होतं, मास्तर. तुम्ही ते शेवटपर्यंत समजावून सांगितलंत. ऐकायचं राहूनच गेलं.”

मास्तर वरमले. आज अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. कात्री जेमतेम कानापर्यंत पोचली.

“त्याचं काय आहे,” मास्तर म्हणाले, “मुळात गाणं ऐकायचं कसं, तर...”

“दादा,” धाकटा हळूच म्हणाला, “लागलं बघ यांचं.”