बुटांच्या खोलीतला वास

वेंडी : अजून येतोय.

जेफ्री : काय येतोय?

वेंडी : काय येतोय म्हणे! नाक आहे की नुसती चष्मा अडकवायची खुंटी? बुटांच्या खोलीत जाऊन ये एकदा. मी गमबूट घ्यायला दार उघडलं आणि तसंच लावून घेतलं. कालच्यापेक्षा वाढलाय.

जेफ्री : रेंगाळतो गं. माशाचा वास भिंतीत मुरतो. दोन दिवस जातातच.

वेंडी : मासा काल सकाळीच घराबाहेर गेला, जेफ्री. पुरलास ना नक्की?

जेफ्री : हळू बोल! वरचा नळ बंद झालाय, पाहुणी येईल आता खाली. पुरला म्हणजे पुरला. कंपोस्टच्या ढिगामागे, चांगला खोल.

वेंडी : मग हा वास कशाचा?

जेफ्री : तसं बघितलं तर हे घर जुनं आहे. दमट आहे. त्यात ब्रॅम्बल दिवसभर ओढ्यात लोळून येते.

वेंडी : ओल्या कुत्रीचा वास मला कळतो. ती गेली नऊ वर्षं माझ्या पायाशी झोपते. हा तसा नाही. हा गोडसर आहे. शी! बोलतानासुद्धा जिभेवर येतोय.

जेफ्री : तूच म्हणालीस, काहीतरी कर.

वेंडी : काहीतरी कर म्हणजे गॅरेजमध्ये ठेव. लांब ठेव. पोरीनं केवढ्या हौसेनं दिलं होतं ते पुडकं! आईनं स्वतः धुरी देऊन वाळवलेला मासा. घानाहून इथवर जपून आणलेला. आणि आम्ही दोघी चर्चला वळलो नाही तोच तू फावडं घेऊन निघालास.

जेफ्री : आणि तू परत आल्यावर मला काय विचारलंस? 'झालं का?' मी म्हटलं, झालं. तू म्हणालीस, 'सुटले बाई, डॅफ्नी जेवायला येतेय.'

वेंडी : ठाऊक आहे मला मी काय म्हणाले ते.

जेफ्री : नाही, सगळं माझ्याच डोक्यावर फुटतं म्हणून आठवण करून दिली. तसं जेवण छान झालं की नाही काल? पोरीनं फेझंट दुसऱ्यांदा मागून घेतला.

वेंडी : घेतला खरा. मला तर भरून आलं. तुझे ते आठवडाभर टांगलेले पक्षी माझ्या घशाखाली उतरत नाहीत. आपल्या सुनेनं, कॅरलनं, तर लग्न झाल्यापासून या घरात पक्ष्याला हात लावला नाही.

जेफ्री : शिकारीचा पक्षी आहे तो, टांगल्याशिवाय फेझंटला चव येत नाही. आमचे वडील तर मान तुटून धड खाली पडेपर्यंत थांबायचे. मग ते म्हणायचे, आता...

वेंडी : सकाळी सकाळी नको. आज ती सूप करणार आहे, विसरलास?

जेफ्री : कसलं सूप?

वेंडी : त्याच माशाचं! दाण्याचं कूट घालून करतात त्यांच्याकडे. आल्या दिवशीच, 'मिसेस हॅडली नको, आंटी म्हण' म्हटलं मी तेव्हा म्हणाली नाही का, 'सोमवारी निघण्याआधी मी तुम्हाला आमच्याकडचं रांधून घालीन.' टोमॅटो, मिरच्या, दाणे, सगळं आणून ठेवलंय मी. तूसुद्धा मान डोलावलीस. वर म्हणालास, 'वाट बघतोय.'

जेफ्री : काहीतरी बोलावं लागतं पाहुण्याशी.

वेंडी : आता काय सांगायचं तिला?

जेफ्री : ब्रॅम्बलनं खाल्ला.

वेंडी : काय?

जेफ्री : लॅब्रडॉरचं नाव सांगितलं की कोणालाही पटतं. मागच्या नाताळात डॅफ्नीचा अख्खा केक संपवला होता तिनं. आपण दिलगिरी व्यक्त करायची, तिला एक चांगलासा मुरंब्याचा डबा द्यायचा, आणि स्टेशनवर सोडायचं.

वेंडी : मुक्या जनावरावर ढकलायचं? शी, जेफ्री! मला कधीकधी तुझी किळस येते रे.

जेफ्री : बरं, मग तू सांग. सांग खरं काय ते. 'बाळ, तुझ्या आईच्या हातच्या माशाचा वास आम्हाला सोसवेना, म्हणून मातीत गाडला.' सांगतेस?

वेंडी : चहा गाळते मी आधी.

जेफ्री : सांगतेस का?

वेंडी : गप्प बस. जिन्यावर आहे ती.

एसिनाम : मॉर्निंग, आंटी. मॉर्निंग, अंकल. झोप झाली ना दोघांची?

वेंडी : झाली, झाली. तुझी?

एसिनाम : झाली थोडी. मी लागू का कामाला? कांदे मी चिरते. मासा तेवढा आधी कोमट पाण्यात टाकला पाहिजे, भिजायला वेळ लागतो. फ्रीझरवरच आहे ना, बुटांच्या खोलीत? घेऊन येते मी.

वेंडी : नको! म्हणजे... बस ना. आधी चहा तरी घे.

जेफ्री : एसिनाम, त्याचं काय झालं... आमची ही ब्रॅम्बल. तशी गुणी आहे. पण काल, आता तुला कसं सांगू...

एसिनाम : ब्रॅम्बलनं खाल्ला?

जेफ्री : आम्हाला फार वाईट वाटतंय.

एसिनाम : सगळा? अंकल, त्यात काटे आहेत! धुरी दिली की काटे सुईसारखे टणक होतात. मीठही आहे भरपूर. कुठाय ती? पाणी पितेय ना? ओकली का?

जेफ्री : छे छे, ठणठणीत आहे. तू नको काळजी करूस.

एसिनाम : काळजी कशी नको? आतडं फाटतं कुत्र्याचं. डॉक्टरांना फोन केलात?

जेफ्री : आज नव्या वर्षाची सुट्टी गं. दवाखाना बंद असणार.

एसिनाम : सुट्टीच्या दिवशीचा नंबर तुमच्या फ्रीजवर चिकटवलाय, मी पाहिलाय. द्या, मी करते फोन. माझ्या आईचा मासा खाऊन तुमची कुत्री गेली तर मी घरी काय तोंड दाखवू?

जेफ्री : अगं, तिनं थोडासाच खाल्ला.

एसिनाम : मग उरलेला कुठाय?

जेफ्री : उरलेला... तसं बघितलं तर...

वेंडी : जेफ्री, पुरे.

एसिनाम : ती बघा, आली. बागेतून येतेय. तोंडात काय आहे तिच्या?

(ब्रॅम्बल मागच्या दारातून आत येते. नाक आणि पुढचे पंजे चिखलानं माखलेले. तोंडातलं पुडकं ती एसिनामच्या पायाशी अलगद ठेवते आणि शेपटी हलवत उभी राहते.)

एसिनाम : माती आहे याला.

जेफ्री : पक्षी उचलून आणायला शिकवलेली आहे ना ती. दात लावत नाही. तोंड फार मऊ आहे तिचं, अगदी अंडंसुद्धा...

वेंडी : तोंड बंद ठेव तुझं!

एसिनाम : दात नाही लागलेला. आणि गाठ आईचीच आहे. ती अशी दोरी दोनदा फिरवते आणि टोक आत खुपसते. सोडलीच नाहीये ही कोणी.

वेंडी : एसिनाम, बाळ, ऐक. वास फार येत होता. आम्हाला वाटलं...

एसिनाम : याचा? आत तीन पिशव्या आहेत, आंटी. त्यावर कागद, त्यावर मेणकापड. विमानात मांडीवर घेऊन बसले होते मी. शेजारच्या बाईंना वाटलं, केक आहे.

वेंडी : मग तो वास कशाचा?

एसिनाम : तुम्हाला माहीत नाही?

जेफ्री : काय माहीत नाही?

एसिनाम : पक्ष्याचा. फ्रीझरच्या मागे आहे ना तो! मी आल्या दिवशी बूट ठेवायला गेले तेव्हाच पाहिला. फ्रीझरच्या मोटरला टेकून पडलाय, गरम लागतं तिथे. पिसं सुटून आलीत. पोट फुटलंय आणि आतलं सगळं वळवळतंय.

वेंडी : अगं बाई! पुढे नको बोलूस.

जेफ्री : फ्रीझरच्या मागे? थांब, थांब. शिकारीत पक्षी उठवायला हाकारे घालायला गेलो, त्या दिवशी तिथला टेड म्हणाला, दोन जोड्या तुझ्याकडे टांगून ठेवल्यात. मला फ्रीझरवरच्या खुंटीवर तीनच दिसले. मी त्याला म्हटलं, तुझी मोजदाद चुकली. आमचं त्यावरून चांगलंच वाजलं.

वेंडी : आणि नाव माशाचं! पण एसिनाम, तू पाहिलंस, तर एका शब्दानं बोलली का नाहीस गं?

एसिनाम : आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना सुट्टीत घरोघरी पाठवण्याआधी विद्यापीठात बसवून सांगितलं होतं. इंग्रजांच्या घरी शिकारीचा पक्षी वास सुटेपर्यंत ठेवतात, त्यांना तसाच आवडतो. नाक मुरडू नका, त्यांना लागतं. मला वाटलं, हा मुद्दाम उबेला ठेवलाय.

जेफ्री : उबेला! अगं, आम्ही काय किडे पडलेलं खातो की काय?

एसिनाम : मला कसं कळणार, अंकल? काल ताटात आला तो तरी मी वेगळा कसा ओळखणार?

वेंडी : जेफ्री, ऊठ. फ्रीझर ओढ आणि ते जे काय आहे ते आत्ताच्या आत्ता बाहेर काढ.

जेफ्री : हातमोजे कुठे ठेवलेस?

वेंडी : पायमोजे घाल हातात! मला काय विचारतोस? फावडं काल बरोबर सापडलं होतं तुला.

जेफ्री : जातो, जातो.

वेंडी : एसिनाम, मला ते पुडकं दे. मी वरची माती पुसते. आत काहीसुद्धा झालेलं नसेल. आपण सूप करू या. आत्ता करू या. मी डॅफ्नीलाही बोलावते. तिलाही कळू दे.

एसिनाम : त्यांना नको.

वेंडी : का गं?

एसिनाम : काल त्या कोट काढत होत्या तेव्हा मी जिन्यावर होते. त्या म्हणाल्या, 'या लोकांच्या सामानाला वास असतोच. कसे काढलेस गं हे दोन दिवस?' आणि तुम्ही म्हणालात, 'उद्यापर्यंतच आहे आता.'

वेंडी : तू ऐकलंस ते?

एसिनाम : मला वाटलं, खरंच माझ्या सामानाला येतो की काय. मग वर जाऊन मी बॅगेतले सगळे कपडे हुंगून पाहिले. एकेक करून. आईचं ओढणीसारखं एक कापड आहे माझ्याकडे, तेही.

वेंडी : मला माझीच लाज वाटतेय, एसिनाम. आणखी काय बोलू? घाण माझ्या घरात, आणि मी बोट दाखवलं तुझ्याकडे. दे ते इकडे, निदान दोरी तरी सोडू दे.

एसिनाम : नका सोडू. घेऊन जाते मी.

वेंडी : तसं नको करूस गं.

एसिनाम : त्यांना आवडला का, म्हणून आईनं विचारलं तर काय सांगू? ती विचारणारच. पहिलं तेच विचारते.

वेंडी : उपाशी तरी जाऊ नकोस. गाडीला वेळ आहे अजून. टोस्ट करते. अंडं उकडते, ते तर बंदच असतं.

एसिनाम : नको. पोट बरं नाही माझं.

वेंडी : केव्हापासून?

एसिनाम : काल जेवल्यापासून. रात्री दोनदा उठावं लागलं. नळ सोडून ठेवला होता, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

वेंडी : अगं, मग सांगायचं नाही का? आवडला नव्हता तर टाकायचास की ताटात! तू तर उलट दुसऱ्यांदा मागून घेतलास.

एसिनाम : पहिल्या घासालाच घशाशी आलं होतं. पण तुम्ही रांधलं होतं, आणि तुमची मैत्रीण माझ्या ताटाकडे बघत होती. तिच्यासमोर तुमची मान खाली जायला नको होती, मिसेस हॅडली.